कुलूप, पहारा आणि वर बेडी : गुवाहाटीच्या रुग्णालयातले सात कैदी

गुवाहाटीतल्या एका रुग्णालयात एकाच खोलीत सात आजारी माणसे ठेवलेली होती. सातही जण टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटकेत होते. त्यांच्या हातांत बेड्या होत्या, त्या बेड्या खाटांना अडकवलेल्या होत्या, आणि एवढ्यावर न थांबता वरून दोरानेही बांधलेले होते. खोलीला बाहेरून कुलूप होते. दारावर सशस्त्र पोलीस उभे होते. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी हे दृश्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ते तेव्हा ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ या संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच राज्यघटनेच्या कलम 32 खालची, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात करायची, याचिका मानले, आसाम सरकारकडून खुलासा मागवला आणि 1 मे 1995 रोजी न्या. कुलदीप सिंग व न्या. एन. वेंकटाचल यांच्या खंडपीठाने निकाल दिला. ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी विरुद्ध आसाम राज्य’ हे त्या निकालाचे नाव.

कैद्यांच्या बेड्यांवर आपल्याकडे बरेच निकाल आहेत आणि त्यांतले काही याहून जास्त गाजले. तरीही अभ्यासासाठी मी हाच घेते, कारण इथे प्रश्न अगदी सुटा होऊन समोर येतो. माणूस पळून जाऊ नये याची तजवीज बेडी लावण्याआधीच तिहेरी झालेली होती : आजारपण, कुलूप आणि बंदूक. मग बेडीने त्यात कशाची भर घातली? गर्दीच्या स्थानकावर किंवा न्यायालयाच्या आवारात कैदी नेताना पोलिसांच्या बाजूने चार शब्द बोलता येतात. तिथे धक्काबुक्की असते, ओळखीपाळखीचे लोक असतात, वाटा चार दिशांना फुटलेल्या असतात. कुलूपबंद खोलीत यातले काहीच नसते. तिथे बेडीला स्वतःच्या पायावर उभे राहून उत्तर द्यावे लागते, आणि गुवाहाटीत तिला ते देता आले नाही.

खाटेवर बांधलेला माणूस

कायद्याच्या लिखाणात ‘खाटेला बेडी’ हे दोन शब्द पटकन लिहून होतात. ते जरा जवळून पाहायला हवेत.

रुग्णाचा एक हात बेडीत असतो. बहुधा दुसऱ्या हाताला सलाइनची सुई लावलेली असते. म्हणजे दोन्ही हात गेले. पाण्याचे भांडे ज्या बाजूला ठेवले असेल त्या बाजूचा हात मोकळा असेल तर पाणी मिळते, नाहीतर कोणाला तरी हाक मारावी लागते. कूस बदलायची तर हात मागे पिरगळतो, म्हणून रुग्ण उताणाच पडून राहतो आणि पाठीला, ढुंगणाला, टाचांना त्याच त्याच ठिकाणी दाब बसतो. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून परिचारिका रुग्णाला दर थोड्या वेळाने वळवतात. इथे ते वळवणेच बेडीने अडवलेले असते. मनगटावर बेडी घट्ट बसली तर तिथून अंगठ्याकडे जाणारी नस दाबली जाते. आधी मुंग्या येतात, मग अंगठ्याच्या मागची कातडी बधिर होते, आणि हा बधिरपणा कधीकधी बेडी काढल्यावरही पुष्कळ दिवस जात नाही.

लघवीला जायचे असेल तर किल्ली लागते. किल्ली डॉक्टरकडे नसते, परिचारिकेकडे नसते, ती पहाऱ्यावरच्या शिपायाकडे असते. तो खोलीबाहेर आहे. रात्री पाळी बदलते आणि नव्या शिपायाला किल्ली कोणाकडे राहिली हे शोधावे लागते. रुग्णाला फिट आली, उलटी होऊन ती श्वासनलिकेत जायला लागली, हृदय बंद पडले, तर पहिल्या एकदोन मिनिटांत माणसाला कुशीवर वळवणे किंवा सपाट निजवून छाती दाबणे यावर त्याचा जीव असतो. त्या मिनिटांत बेडीची किल्ली शोधणे हे उपचाराचा भाग होऊन बसते. रुग्णालयात आग लागली तर काय होईल, हे लिहायला नको.

म्हणून ‘एवढीशी हातकडी, तिने काय होते’ हा सूर मला मान्य नाही. रस्त्यावरची बेडी मुख्यतः अपमान करते. खाटेची बेडी अपमान तर करतेच, शिवाय ती शरीरावर काम करत राहते, तासन् तास, झोपेतही.

सरकारचे उत्तर

आसाम सरकारने प्रतिज्ञापत्रात जे म्हटले त्याचा गाभा असा की हे सातही जण उल्फा या आसाममधल्या सशस्त्र फुटीरतावादी संघटनेचे कडवे कार्यकर्ते आहेत, अशा संघटनांचे कैदी यापूर्वी कोठडीतून आणि रुग्णालयांतूनही पळून गेलेले आहेत, सबब ही खबरदारी.

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. नव्वदीच्या दशकातले आसाम पाहिलेल्या कोणालाही ते पोकळ वाटणार नाही. कैदी पळाला की पुढच्या स्फोटाची, पुढच्या खुनाची जबाबदारी कोणाच्या तरी माथी येते. पण न्यायालयाने नेमका धागा पकडला. सरकारने सांगितलेले सगळे ‘अशा कैद्यांबद्दल’ होते. या सातांपैकी कोणता माणूस, कशावरून, आज या खाटेवरून उठून पळेल, हे त्यात नव्हते. बेडी लावताना कैद्याचा स्वभाव, त्याचा पूर्वेतिहास आणि त्याची प्रवृत्ती पाहायची असते, प्रत्येकाचे वेगळेपण लक्षात घ्यायचे असते. गुन्हा किती भयंकर आहे, शिक्षा किती लांब आहे, किती वेळा दोषी ठरला आहे, एवढ्यावरून बेडी ठरत नाही, असे खंडपीठाने स्पष्ट केले. रुग्णालयात ठेवलेल्या रुग्ण-कैद्यांना बेड्या घालणे आणि वर दोराने बांधणे हे अमानुष आहे, आणि आंतरराष्ट्रीय कायदा व देशाचा कायदा या दोहोंनी दिलेल्या मानवी हक्कांचा तो सरळसरळ भंग आहे, असे त्यांनी म्हटले.

गंभीर गुन्हा आणि पळून जाण्याचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मनात त्या इतक्या चिकटलेल्या असतात की सुट्या करायला कष्ट पडतात. खुनाच्या आरोपातला साठीचा, हृदयविकाराचा रुग्ण कुठेही जाणार नसतो. किरकोळ चोरीतला, दोनदा कोठडी फोडलेला पोरगा जाऊ शकतो. कायद्याला पाहायचे आहे ते हे दुसरे.

ही वाट आधीच पडलेली होती

1995 चे खंडपीठ कोऱ्या पाटीवर लिहीत नव्हते. 1978 मध्ये ‘सुनील बत्रा’ निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठासमोर तिहार तुरुंगातल्या चार्ल्स शोभराज या कुप्रसिद्ध गुन्हेगाराच्या दंडाबेडीचा प्रश्न आला होता. अटकेनंतर जवळजवळ दोन वर्षे, दिवसरात्र, त्याच्या पायांत ती लोखंडी दांड्यांची बेडी होती. शोभराजबद्दल कोणाला प्रेम असण्याचे कारण नव्हते, आणि म्हणूनच तो निकाल मोलाचा. न्यायालयाने 1894 च्या तुरुंग कायद्याचे, बेडी घालण्याचा अधिकार देणारे, कलम 56 रद्द केले नाही, पण त्याला आवर घातला. निकड खरी असली पाहिजे, कारणे लिहिली पाहिजेत, कैद्याला ती कळली पाहिजेत आणि अनिश्चित काळ बेडी चालू ठेवता येणार नाही.

मग 1980. प्रेमशंकर शुक्ला हा तिहारमधलाच कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेला. त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना तार केली की न्यायालयाचे आदेश असूनही माझ्यावर आणि इतरांवर बेड्या लादल्या जात आहेत. खालच्या न्यायालयाने गरज असल्याखेरीज बेडी लावू नका असे आधीच सांगितले होते, तरी कैदी नेणाऱ्या पोलीस पार्टीने ती लावलीच होती. पोलिसांचा आधार होता पंजाब पोलीस नियमांचा. तीन वर्षांहून जास्त शिक्षेचा अजामीनपात्र गुन्हा असेल तर बेडी लावावीच, असा त्या नियमांचा रोख होता. त्यातच एक सवलत होती. सामाजिक दर्जा, शिक्षण किंवा राहणीमान यांमुळे ज्यांना वरच्या दर्जाच्या जगण्याची सवय आहे, अशा ‘वरच्या वर्गातल्या’ कच्च्या कैद्यांना एरवी बेडी नको. म्हणजे गरिबाच्या मनगटाला लोखंड, श्रीमंताच्या मनगटाला मोकळीक. न्यायालयाने हा भेद समतेच्या कलम 14 विरुद्ध ठरवला. बेडी ही प्रथमदर्शनीच अमानुष आहे, म्हणून अवाजवी आहे, आणि न्याय्य पद्धत व वस्तुनिष्ठ देखरेख नसताना माणसाला लोखंडात जखडणे म्हणजे जनावरांना वागवण्याची रीत वापरणे, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिले. त्यांनी मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे कलम 5 आणि नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम 10 यांचाही हवाला दिला. भारताने तो करार आदल्याच वर्षी, 1979 मध्ये, स्वीकारला होता.

त्या निकालातली एक बाजू सहसा कोणी सांगत नाही. न्या. पाठक यांनी वेगळे मत लिहिले होते. वर्गभेद चूक, यावर तेही सहमत होते. मात्र बेडीचा निर्णय ज्याच्या ताब्यात कैदी आहे त्या अधिकाऱ्यानेच मुळात घ्यावा आणि न्यायालयाने त्यावर लक्ष ठेवावे, असा त्यांचा कल होता. निर्णय कोणाचा, हा प्रश्न तिथे पुरता मिटला नव्हता. गुवाहाटीच्या निकालाने तो मिटवला.

बाहेरच्या कायद्याने मोजले तर

मानवी हक्कांचा आंतरराष्ट्रीय कायदा बेडीला सरसकट बंदी घालत नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण दोन्ही बाजूंनी या कायद्याबद्दल अतिशयोक्ती होते. नागरी व राजकीय हक्कांच्या त्याच कराराचे कलम 7 क्रूर, अमानुष वा मानहानिकारक वागणुकीला मनाई करते. कलम 10 म्हणते की ज्याचे स्वातंत्र्य हिरावले आहे त्याला माणुसकीने आणि त्याच्या प्रतिष्ठेचा मान राखून वागवावे. कलम 7 आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. म्हणजे ‘परिस्थिती असाधारण होती’ हे आसामचे म्हणणे खरे धरले, तरी त्याने या कलमातून सुटका होत नाही. परिस्थिती पाहून बेडीची गरज ठरेल, अमानुषपणाची परवानगी ठरणार नाही.

मग गरज कशी ठरवायची? कैद्यांना कसे वागवावे याबद्दलच्या 1955 च्या संयुक्त राष्ट्रांच्या किमान नियमांतला नियम 33 गुवाहाटीच्या वेळी लागू होता. बेडी शिक्षा म्हणून कधीच नाही. साखळदंड आणि लोखंडी बेड्या बंधन म्हणूनही नाहीत. बाकीची साधने फक्त तीन प्रसंगी : एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना पळून जाऊ नये म्हणून, वैद्यकीय कारणासाठी डॉक्टरच्या सांगण्यावरून, किंवा कैदी स्वतःला वा दुसऱ्याला इजा करत असेल, मोडतोड करत असेल आणि दुसरा उपाय उरला नसेल तेव्हा तुरुंगप्रमुखाच्या आदेशाने.

आता गुवाहाटीची खोली या तीन प्रसंगांत बसवून पाहा. ते कैदी प्रवासात नव्हते, खाटेवर होते. बेडी डॉक्टरने लिहून दिलेली नव्हती. कोणी अंगावर धावून जात नव्हता. खोली एकाही चौकटीत बसत नाही. सरकारने पुढे केलेले पळून जाण्याचे कारण या नियमांत येते, पण ते फक्त हलवाहलवीच्या वेळेपुरते. माणूस खोलीत पोचला, दाराला कुलूप लागले, की ते कारण संपते. माझ्या मते या प्रकरणाची खरी किल्ली इथे आहे.

17 डिसेंबर 2015 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हे नियम सुधारून नेल्सन मंडेला नियम म्हणून मंजूर केले. त्यांत बेडीचा विषय नियम 47 ते 49 मध्ये येतो. आधीचे ‘वैद्यकीय कारण’ तिथे आता काढून टाकले आहे. हा बदल छोटा दिसतो, पण डॉक्टरच्या नावावर बांधून ठेवण्याची पळवाट त्याने बुजवली. नियम 48 सांगतो की कमी त्रासाचा उपाय चालत नसेल तरच बेडी, तीही कमीत कमी जाचक, गरज असेल तेवढाच वेळ, आणि धोका टळला की लगेच काढायची. प्रसूतीच्या कळा सुरू असताना, प्रसूतीच्या वेळी आणि प्रसूतीनंतर लगेच स्त्रीला बेडी कधीही नाही. या शेवटच्या ओळीला ‘अपवाद वगळता’ असे शेपूट नाही.

युरोपातले एक प्रकरण गुवाहाटीशी इतके जुळते की ते शेजारी ठेवल्यावाचून राहवत नाही. ‘एनाफ विरुद्ध फ्रान्स’, निकाल 27 नोव्हेंबर 2003. पंचाहत्तरीचा, घशाच्या कर्करोगाचा कैदी. 2000 मध्ये शस्त्रक्रियेसाठी त्याला बोर्दोच्या रुग्णालयात नेले. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्याच्या हातांत बेडी, रात्री घोटा साखळीने खाटेला. खोलीबाहेर पोलीस होतेच. तुरुंगप्रमुखाने या कैद्यावर नेहमीचीच देखरेख ठेवावी, विशेष नको, असे लेखी कळवले होते. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने वय, आजार, उद्याची शस्त्रक्रिया, बाहेरचा पहारा आणि धोक्याचा पुरावा नसणे हे सगळे एकत्र तोलले आणि ही अमानुष वागणूक ठरवली. युरोपियन मानवी हक्क कराराचे कलम 3 मोडले. आठ वर्षे आधी दिल्लीत दोन न्यायमूर्ती ज्या तराजूने मोजून जिथे पोचले होते, तिथेच.

निकालाने काय सांगितले

गुवाहाटीच्या निकालातला आदेश कडक आहे, आणि तो फक्त रुग्णालयापुरता नाही. कच्चा असो की पक्का, तुरुंगात असताना, एका तुरुंगातून दुसऱ्यात नेताना, न्यायालयात नेता-आणताना कैद्याला बेडी नाही. पोलिसांना किंवा तुरुंग अधिकाऱ्यांना आपल्या अधिकारात ती लावता येणार नाही. कैदी पळेल असे मानायला भक्कम आधार असेल तर त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करून परवानगी मागायची. दंडाधिकाऱ्यानेही ती क्वचितच द्यायची, म्हणजे हिंसक प्रवृत्तीचा, पळून जाण्याच्या कलाचा ठोस पुरावा असेल आणि त्याला रोखायचा दुसरा व्यवहार्य मार्गच नसेल तेव्हा. वॉरंटवर अटक असेल तरीही बेडीसाठी वेगळा आदेश लागेल. विनावॉरंट अटकेत अधिकाऱ्याची कारणांसह खात्री झाली तर पोलीस ठाण्यापर्यंत आणि पुढे दंडाधिकाऱ्यापुढे हजर करेपर्यंत बेडी चालेल, त्यानंतर आदेशाशिवाय नाही. हे मोडणे म्हणजे न्यायालयाचा अवमान.

अवमानाची ती ओळ मला फार महत्त्वाची वाटते. कैदी पळाला तर पहाऱ्यावरच्या शिपायाचे काय होते ते बघा. लगेच निलंबन, खात्याची चौकशी, आणि निष्काळजीपणाने कैदी पळू दिल्याचा गुन्हा. जुन्या दंड संहितेत तो कलम 223 होता, आता भारतीय न्याय संहितेत 261 आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. आणि विनाकारण बेडी लावली तर? बहुतेक वेळा काहीच नाही. तराजूच्या एका पारड्यात नोकरी आणि दुसऱ्या पारड्यात कागदावरचा नियम असेल, तर शिपाई काय करेल हे सांगायला नको. त्याला दोष देण्याआधी हे समजून घ्यायला हवे. अवमानाच्या धाकाने न्यायालयाने दुसऱ्या पारड्यात थोडे वजन टाकले.

एक उणीवही सांगते. सगळ्या आदेशात डॉक्टर कुठेच नाही. प्रकरण रुग्णालयातून आले, पण रुग्णाला बेडी लावण्यापूर्वी त्याच्यावर उपचार करणाऱ्याचे मत घ्यावे, किंवा उपचारासाठी बेडी काढा असे डॉक्टरने म्हटले तर ती तिथल्या तिथे काढावी, असे वाक्य त्यात नाही. दंडाधिकारी कागद पाहील. ज्याने नस दाबली गेलेली पाहिली, ज्याला ताप किती आहे हे माहीत आहे, तो खाटेशेजारीच उभा असतो.

निकालानंतर

त्याच महिन्यात टाडाची मुदत संपली. बेड्या मात्र संपल्या नाहीत. मे 2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, उत्तर प्रदेशातल्या एटा इथल्या रुग्णालयातला एक फोटो देशभर फिरला. जन्मठेप भोगणारा 92 वर्षांचा कैदी, उपचार सुरू, आणि पाय साखळीने खाटेला. वॉर्डरला निलंबित केले गेले. ब्याण्णव वर्षांचा माणूस कुठे पळणार होता?

भरपाईचा मार्गही हळूहळू तयार झाला आहे. सोलापुरात कच्च्या कैद्याला बेड्या घालून, दोराने बांधून रस्त्याने फिरवल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने 10,000 रुपये देवविले होते. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम कायम ठेवली, मात्र अधिकाऱ्याच्या खिशातून नव्हे, राज्याने द्यावी असे सांगितले. 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने बेळगाव जिल्ह्यातल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याला बेडी घालून नेल्याबद्दल दोन लाख रुपये मंजूर केले. एकतीस वर्षांत रक्कम वाढली. पण पैसे देण्याचा आदेश राज्यालाच होतो.

आणि आता नवा कायदा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43(3) ने पोलिसांना बेडी वापरण्याचा अधिकार प्रथमच थेट कायद्यात लिहून दिला. त्यात यादी आहे : सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, संघटित गुन्हेगारी, दहशतवाद, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्रे, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला, खोट्या नोटा, मानवी तस्करी, मुलांवरचे लैंगिक अत्याचार, राज्याविरुद्धचे गुन्हे. कोठडीतून पळालेला, हा यादीतला एक घटक त्या माणसाबद्दल काही सांगतो. सराईतपणाबद्दलही वाद घालता येईल. बाकीचे सगळे गुन्ह्याच्या नावावरून माणूस ठरवतात. 1980 मध्ये पंजाबच्या नियमांत जे खोडले ते थोड्या वेगळ्या रूपात परत आले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरी हे कलम नीट वाचायला हवे. ते ‘वापरू शकेल’ म्हणते, ‘वापरावी’ म्हणत नाही. ते दोनच प्रसंग सांगते : अटक करताना आणि न्यायालयात हजर करताना. रुग्णालय त्यात नाही. शिवाय संहितेचे कलम 46, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत 49 होते, आजही सांगते की पळून जाणे रोखण्यासाठी लागेल त्याहून जास्त बंधन अटकेतल्या माणसावर घालायचे नाही. म्हणजे गुवाहाटीसारखी खोली आज पुन्हा समोर आली, तर नवी संहिता पोलिसांच्या मदतीला येत नाही. खाटेवरच्या कैद्यासाठी 1995 चा आदेशच चालतो.

परवानगीचा अर्ज

दंडाधिकाऱ्यापुढे येणाऱ्या अर्जात बहुधा असे काहीतरी असते : ‘सदर आरोपी गंभीर गुन्ह्यात अटक असून पळून जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, सबब बेडी लावणेस परवानगी व्हावी.’ हे वाक्य कोणत्याही कैद्याला लागू पडते. जे सगळ्यांना लागू पडते ते कोणालाच लागू पडत नाही, हेच तर खंडपीठाने आसाम सरकारला सांगितले होते.

टिकेल असा अर्ज वेगळा दिसतो. या कैद्याने अमुक तारखेला पहाऱ्यावरच्या शिपायाला ढकलून पळण्याचा प्रयत्न केला, त्याची नोंद अमुक स्टेशन डायरीत आहे. खोली तळमजल्यावर आहे आणि खिडकीला गज नाहीत. दुसरी खोली मागितली, ती मिळाली नाही. जादा दोन शिपाई सकाळी आठला येत आहेत. तोवर एका हाताला, दर दोन तासांनी सैल करून तपासण्याच्या अटीवर, परवानगी हवी. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाला पाहिले आहे आणि त्यांचे म्हणणे सोबत जोडले आहे. इथे माणूस दिसतो, खोली दिसते, वेळ संपताना दिसते. गुवाहाटीच्या सात जणांसाठी असा अर्ज करता आला असता का? खोलीला कुलूप आणि बाहेर बंदूक असताना त्यातले पहिले वाक्यसुद्धा लिहिणे अवघड होते.

कैद्याचे नातेवाईक किंवा वकील रुग्णालयात गेले आणि त्यांना बेडी दिसली, तर पहाऱ्यावरच्या शिपायाशी वाद घालून काही हाती लागत नाही. त्याला एकच विचारायचे : दंडाधिकाऱ्याच्या परवानगीची प्रत दाखवा. प्रत नसेल तर संबंधित न्यायालयात त्याच दिवशी अर्ज द्यायचा, आणि डॉक्टरांना केसपेपरवर बेडीची नोंद करायला सांगायचे. कोणत्या हाताला किंवा पायाला आहे, कातडी लाल झाली आहे का, बोटांत बधिरपणा आहे का, सलाइन कोणत्या बाजूला आहे. अर्जावर आणि केसपेपरवर तारखेसोबत वेळही घालायची. अर्ज सुनावणीला येईपर्यंत बेडी बहुधा काढलेली असते, आणि ती किती तास होती हे मग त्या दोन वेळांवरूनच ठरते.